पावण्याची अमेरिका आणि एक रिजेक्ट पिन

गिरगावातून नव्या मुंबईला निघालो तेव्हा चाळीतली सतरा माणसं मला जिन्यापर्यंत पोचवायला आली होती. खरं सांगायचं तर चार होती, आणि त्यातली दोन नळाला पाणी आलं म्हणून बादल्या घेऊन खाली चालली होती. पण खांद्याला गिटार लावून निघालेल्या माणसाला सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं वाटतं, त्याला कोण काय करणार?

"परत कधी?" शेजारच्या अण्णांनी विचारलं.

"संध्याकाळी."

"बघा हं. आमचा मेव्हणा वाशीला फ्लॅट बघायला गेला, तो तिथेच राहिला."

साल त्र्याऐंशीच्या आसपासचं. खाडीपलीकडे शहर वसतंय असं ऐकून सगळे होते, पाहिलं कोणीच नव्हतं. अशा मुलखात मी का निघालो होतो? तर एका लग्नाच्या पंगतीत माझ्या तोंडून एक वाक्य गेलं होतं म्हणून. पंगतीत माझा शाळासोबती प्रभाकर साळवी शेजारी बसला होता. तो आता नव्या मुंबईत, पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात लेथवर (लोखंड कातायच्या यंत्रावर) होता. त्याने आणि तिघा दोस्तांनी मिळून बँड काढला होता. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका बँडची गाणी हुबेहूब वाजवायची, एवढंच त्यांचं व्रत. "पण कॅसेटवर तीन गिटारी ऐकू येतात रे, आमच्याकडे एकच," प्रभाकर जिलबी मोडत हळहळला.

आणि मी म्हणालो, "गिटार? मी वाजवतो की!"

हे खोटं नव्हतं. मी गिटार वाजवत होतो, पण हवाईयन. म्हणजे ती मांडीवर आडवी झोपवायची आणि पोलादी पट्टी तारांवरून घासत तिला रडवायचं. दोन वर्षांच्या शिकवणीत मला तीन चिजा येत होत्या: एक आरती, एक नाट्यपद आणि वाढदिवसाचं गाणं. अमेरिकन लोक गिटार उभ्याने, घाम गाळत वाजवतात एवढं मला ठाऊक होतं. पण जिलबीची तिसरी वाढणी चालू असताना असले तपशील कोण सांगत बसतो?

बस खाडीच्या पुलावर बंद पडली. पाऊण तास. मी खाली उतरून कठड्याला टेकलो. एकीकडे मुंबईचा धूर, दुसरीकडे मिठागरं, त्यापलीकडे शाळेच्या नकाशावर पेन्सिलीने काढल्यासारख्या अर्ध्यामुर्ध्या इमारती. ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "भाऊ, गिटार वाजवा जरा, पॅसेंजर गप बसतील." मी बोट दुखावल्याचं सांगितलं. त्या दिवशीचं ते पहिलं खोटं.

वाशीला प्रभाकर उभा होता, तोही ट्रकसह. ट्रक सलीमभाईचा. सलीमभाई कळंबोलीहून लोखंड आणायचा, आणि बँडमध्ये गायचा. त्याचं गाव रायगडच्या किनाऱ्यावर, घरात तीन पिढ्या जहाजावर. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कुठल्याशा बंदरातून ती कॅसेट त्याच्या मामूनेच आणली होती. वाटेत कॅसेट समुद्राच्या पाण्यात भिजली आणि लेबल धुऊन गेलं. त्यामुळे आपण कोणत्या बँडची नक्कल करतो, हे त्या बँडला अखेरपर्यंत माहीत नव्हतं.

"मग गाण्यात काय म्हणतात ते तरी कळतं का?" मी विचारलं.

"अवो, कळायला कशाला हवं?" स्टिअरिंग फिरवत सलीमभाई म्हणाला. "मी लहानपणी मौलूदला नात (पैगंबरांच्या जन्मदिनी म्हणायची स्तुतिपदं) म्हणायचो. अरबी कुठे कळत होती? पण आमच्या आजीच्या डोळ्यांना पानी यायचं. गळा साफ नि मन साफ, बस."

मग त्याने नमुना म्हणून एक ओळ लावली. समोरून येणारा टँकर बाजूला झाला. आवाज एवढा की नवी मुंबईतल्या निम्म्या बांधकामांनी त्या दिवशी पाया पुन्हा तपासून घेतला म्हणतात.

सेक्टरातल्या एका नव्या कोऱ्या इमारतीखाली कुलकर्णी चढले. बँकेत नोकरी, इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली. ते बास गिटार वाजवायचे. त्यांची पत्नी शास्त्रीय गाणं शिकवायची आणि लग्नापासून बारा वर्षं यांनी तिच्या मागे बसून तंबोरा धरला होता. त्याचा परिणाम असा की गाणं कुठलंही असो, कुलकर्णी एकच सूर वाजवायचे.

"अहो वसंतराव, सूर बदलायची गरजच काय?" ते मला म्हणाले. "पृथ्वी बदलते का? आपण तिच्यावर नाचतो."

प्रभाकर स्वतः सिंधुदुर्गातला. दशावतारात पेटी वाजवत मोठा झालेला. राक्षसाच्या एन्ट्रीला कुठले सूर द्यायचे नि देवाच्या एन्ट्रीला कुठले, हे त्याच्या बोटांत मुरलेलं. गिटारवर तो तेच सूर लावायचा, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक गाण्यात मधेच संकासुर आल्याचा भास व्हायचा.

आणि मी? मी खिडकीतून मिठागरं बघत होतो. प्रत्येकाच्या पाठीमागे एखादं देऊळ, एखादी मशीद, एखादी बायको उभी होती. माझ्या पाठीमागे फक्त ती जिलबी.

जेवण पावणे गावात, ड्रमवाल्या हिराजीच्या घरी. हिराजी आगरी, बोलणं मोकळं, हसणं त्याहून मोकळं. हळदीच्या मांडवात तो सोळाव्या वर्षापासून ढोलकी पिटत होता. कारखान्यात तो प्रभाकरचा हेल्पर. त्याच्या आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं वाढलं. नवरात्राची नववी माळ, म्हणून मासळी नाही, याची तिने तीनदा माफी मागितली. मी भाकऱ्या सात खाल्ल्या. (हिराजी आजही अकरा सांगतो. मला वाद घालायचा नाही.)

जेवताना मला खरा पेच कळला. बँड कारखान्याच्या मागच्या गोडाऊनमध्ये तालीम करायचा. मालक गोगटेशेठना आता तिथे लोखंड भरायचं होतं. शेवटी शेठ म्हणाले होते, "खंडेनवमीला पूजा झाली की चार वाजता कामगारांपुढे वाजवा. लोकांना आवडलं तर गोडाऊन तुमचं. नाहीतर दसऱ्यानंतर माल आत." आणि तो माल टाकणार कोण? सलीमभाईच.

"दुसरी जागा नाही का?" मी विचारलं.

"सोसायटीत सेक्रेटरी पोलीस बोलावतो," कुलकर्णी म्हणाले.

"आन इकडं वाजवलं तं म्हशीनं धा दिस दूध चोरलं," हिराजीची आई म्हणाली. "पुन्ना नाय."

म्हणजे आजच चार वाजता ठरणार होतं. प्रभाकर घास घेत नव्हता. दोन वर्षांची तालीम, एक धुतलेली कॅसेट, आणि सगळा भार ज्याच्यावर टाकला तो नवा गिटारवाला समोर बसून भाकरी मोडतोय. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बिरडं फार छान झालं होतं.

"वाद्यं नीट मांडलीस ना रे?" प्रभाकरने हिराजीला विचारलं.

"येकदम! तुमी बघाच," हिराजी म्हणाला आणि लाजल्यासारखा हसला.

तीन वाजता आम्ही कारखान्यात शिरलो. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचं यंत्र, सगळ्यांवर झेंडूच्या माळा. पुढे पाटावर पान्हे, हातोड्या, कानशी ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर हळदकुंकू. आणि त्याच ओळीत, कानशींच्या शेजारी, प्रभाकरची गिटार, कुलकर्ण्यांची बास, ड्रमचा सेट, अँप्लिफायर. गिटारीच्या तारांत झेंडू ओवलेला. ड्रमवर स्वस्तिक.

प्रभाकर मला आणायला वाशीला गेला तेवढ्यात हिराजीने हे केलं होतं.

"वरसभर आमचं पोट भरतंय पान्ह्यानं," हिराजी म्हणाला, "पन जीव भरतंय ह्यांनी. यांना हळद नको? नाखवा (होडीचा मालक) जाळं पूजतो, आमी ढोल पूजला."

"अरे मेल्या, पूजेला लावलेलं हत्यार उद्यापर्यंत उचलायचं नसतं!" प्रभाकर जवळजवळ ओरडला.

हिराजीचा चेहरा पडला. मी त्याच्या एवढा पडलेला चेहरा पाहिला नव्हता, आणि मी स्वतःचा रोज आरशात बघतो.

तेवढ्यात गोगटेशेठ आले. सोवळं सुटायचं होतं, पण नजर कडक. प्रभाकरने विनवणी केली.

"छे!" शेठ म्हणाले. "माझ्या वडिलांनी या दिवशी कधी स्क्रू फिरवला नाही. कारखान्यातून धूर यायला लागला तरी चिमटा उचलणार नाही मी. वाद्य तेही हत्यारच. पूजलंत ना? झालं."

"मग उद्या वाजवतो."

"उद्या दसरा, सगळे घरी. परवा माल येतो."

आणि मग, वाचकहो, चार जणांनी एकाच वेळी माझ्या खांद्याकडे पाहिलं. त्या सबंध कारखान्यात पूजेत नसलेलं एकच वाद्य होतं. ते कव्हरमध्ये होतं, कारण ते बसमध्ये अडकलं होतं.

"वसंता," प्रभाकर म्हणाला. देवापुढे बोलावं तसं.

मी कव्हर उघडलं. मला वाटलं, त्या क्षणी पुलावरची ती बस पुन्हा बंद पडावी, मी तिच्यात असावं, आणि ती खाडीत पडावी.

"ही उभी नाही वाजत," मी सांगितलं. "आडवी वाजते. आणि मला आरती येते. शिवाय पट्टी घरी राहिली."

पट्टी स्वयंपाकघरात होती. आमची खिडकी आपटते म्हणून बायकोने ती फटीत बसवली होती.

"पट्टी म्हणजे?" कुलकर्ण्यांनी विचारलं.

"गुळगुळीत लोखंडाचा तुकडा. बोटाएवढा."

लोखंडाच्या कारखान्यात लोखंड नव्हतं! सगळं पूजेत. प्रभाकर भिंतीला टेकून खाली बसला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. हिराजी मात्र कोपऱ्यातल्या भंगाराच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून उभा होता. त्याने यंत्रात बसवायची, बोटाएवढी एक पोलादी पिन बाहेर काढली, शर्टाला पुसली.

"शेठ, ही चालंल?"

"पूजेतली नाही ना?"

"रिजेक्ट हाय. केसभर बारीक निघाली. रिजेक्टला कोन पूजतंय?"

शेठनी पिन हातात घेऊन पाहिली. "साळवी, ही तुमच्याच लेथवरची. मागच्या आठवड्यातली."

"हो," प्रभाकर मान खाली घालून म्हणाला. "लक्ष नव्हतं."

"लक्ष कुठे होतं?"

"अमेरिकेत."

शेठनी पिन माझ्या हातावर ठेवली. "ठीक आहे. भंगार म्हणजे हत्यार नव्हे."

चार वाजता साठ कामगार (बरं, बत्तीस) गोडाऊनमध्ये बसले. हिराजीने ऑइलचा रिकामा डबा उपडा घातला. कुलकर्ण्यांनी डोळे मिटून तोंडाने तो एकच सूर धरला. प्रभाकर गिटारीचे सूर सरगम म्हणून गाणार होता. आणि मी खुर्चीवर बसून गिटार मांडीवर झोपवली, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "आजारी हाय का ती?"

सलीमभाईने अमेरिकन ओळ लावली. पत्रे थरथरले. हिराजीच्या डब्यातून हळदीचा ठेका निघाला. मला तिथे काय वाजवायचं ठाऊक नव्हतं, म्हणून मी जे येत होतं ते लावलं. आरती. पिन तारेवरून घसरली, सूर खालून वर गेला, वर जाऊन थरथरला आणि रडला.

प्रभाकरची सरगम मधेच थांबली.

"हाच!" तो ओरडला. "अरे, हाच तो आवाज!"

कॅसेटवर दर गाण्यात असा विव्हळणारा एक आवाज होता. दोन वर्षं ते चौघे समजत होते की खाऱ्या पाण्याने कॅसेट तिथे बिघडलीय. सलीमभाई तर म्हणायचा की तो समुद्रच आहे. ती गिटार होती. अमेरिकेतही कोणी एक जण लोखंडाचा नाहीतर काचेचा तुकडा तारेवर घासत बसला होता.

"म्हणूनच तर ही आणली," मी म्हणालो. दिवसातलं दुसरं खोटं, आणि इतक्या ऐटीत की क्षणभर मलाही पटलं.

मग जे झालं त्याचं वर्णन माझ्या तोंडी शोभणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. लोक उभे राहिले. तिसऱ्या कडव्याला टाळ्यांचा ताल आरतीचा होता, गळा मौलूदचा, डबा हळदीचा, मधून संकासुर डोकावत होता, खाली कुलकर्ण्यांची पृथ्वी स्थिर होती. माझा हात चार वेळा चुकला. चारही वेळा प्रभाकरने ते अमेरिकन वळण समजून सरगममध्ये उचललं.

गोगटेशेठ शेवटपर्यंत उभे होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "आरतीच होती ना? अमेरिकेत पण म्हणतात?"

"दक्षिणेकडे," कुलकर्णी गंभीरपणे म्हणाले.

"गोडाऊन तुमचं," शेठ म्हणाले. "माल पुढच्या शेडमध्ये टाका, सलीमभाई."

सलीमभाईने टोपी काढून डोळे पुसले. हिराजी ओळीतल्या ड्रमपुढे जाऊन डोकं टेकवून आला.

बसपर्यंत पोचवायला चौघेही आले. अभिप्रायाची वाट पाहत मी मुद्दाम रेंगाळलो.

"वसंता, एक मागू?" प्रभाकर म्हणाला.

"माग. दर रविवारी येईन."

"नको, त्रास कशाला? पिन ठेवून जा."

महिन्याभरात तो त्या पिनीने माझ्या दसपट चांगलं वाजवायला लागला.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी मला श्रोता म्हणून बोलावलं. मी तरी गिटार खांद्याला लावूनच गेलो. ओळीत पान्हे होते, कानशी होत्या, गिटारी होत्या. आणि मधोमध, विड्याच्या पानावर, हळदकुंकू लावलेली ती पिन. कुठल्याही मापात न बसणाऱ्या मालाला कोणीतरी अखेर पाटावर घेतलं होतं.

आता पिनच पूजेत, म्हणजे ती उचलायची नाही. प्रभाकरने हिराजीकडे पाहिलं. हिराजीने भंगाराच्या पेटीकडे बोट केलं आणि मला डोळा मारला.

"दादा, तुमीच घ्या दुसरी. माल कमी नाय."

त्या दिवशी पुन्हा मीच वाजवलं. परत येताना ती दुसरी पिन खिशात होती. बायकोने ती पाहिली, खिडकीच्या फटीत बसवून बघितली, नेमकी बसली. मग जुनी पट्टी पुसून माझ्या हातात दिली.

"घ्या तुमची पट्टी. आता घरी वाजवा."

मी वाजवली. अण्णांनी भिंतीवर ठोकून विचारलं, "वहिनी, खिडकी परत आपटायला लागली का हो?"