गोदामाच्या खिडकीतली उडी

सगळे त्याला मास्तर म्हणत, कारण तो कुत्र्यांना शिकवायचा. सर्कस बंद पडली तेव्हा त्याच्यापाशी एक पांढरी कुत्री तेवढी उरली, आणि तिच्याच जिवावर त्याला सिनेमात काम मिळालं. चित्रपट विनोदी होता. त्यातला गुप्तहेर सगळे पुरावे पायाखाली तुडवायचा आणि कुत्री चोर पकडून द्यायची.

चित्रीकरण संपत आलं होतं. गोदामाच्या खिडकीतून उडी मारायचं दृश्य होतं. ते दोनदा नीट झालं, तरी दिग्दर्शकाचं समाधान होईना.

"ती दमलीय, साहेब," मास्तर म्हणाला.

"एकदाच. मग सुट्टी."

मास्तरने आणखी वाद घातला नाही. दुसरं काम कोण देणार होतं? त्याने चुटकी वाजवली. चुटकी वाजली की उडी मारायची, एवढंच तिला ठाऊक. खाली अंथरलेली गादी हातभर बाजूला राहिली. कुत्री कण्यावर आपटली आणि डॉक्टर येण्याआधीच तिने मास्तरच्या मांडीवर प्राण सोडला. उरलेल्या दृश्यांसाठी दुसरं पांढरं कुत्रं आणलं. मास्तरने मुकाट्याने त्यालाही शिकवलं.

घरी म्हातारी आई होती. पिल्लू असताना कापसाच्या बोळ्याने दूध पाजून कुत्रीला तिनेच जगवलं होतं. "सिनेमा कंपनीने तिला ठेवून घेतलं," असं त्याने तिला सांगितलं.

सिनेमा लागला तशी आई हटून बसली, "मला माझी लेक बघायचीय."

थिएटर खचाखच भरलेलं. पडद्यावर गुप्तहेर शिडीवरून कोसळला, त्याच क्षणी कुत्रीने उडी घेतली, आणि लोक पोट धरधरून हसले. आईही हसली. मास्तरने डोळे मिटून घेतले.

पुढच्या दृश्यात कुत्रं चोराची विजार ओढत होतं. आईचं हसू थांबलं.

"ही आपली नव्हे."

"अगं, अंधारात तुला नीट दिसत नाही."

"मला सांगतोस? कधी गेली ती?"

"त्या उडीत."

"उडी मार म्हणून कोणी सांगितलं?"

"मीच."

आजूबाजूला हशा चालूच होता. आई शेवटपर्यंत बसून राहिली. बाहेर पडताना त्याने हात पुढे केला, तर तिने भिंतीचा आधार घेतला.

मास्तरने सिनेमा सोडला आणि एका गिरणीच्या फाटकावर पहारेकरी झाला. आई त्याला जेवायला वाढायची, दोन शब्द बोलायचीही. कुत्रीचा विषय मात्र तिने पुन्हा काढला नाही. मालकाने राखणीला कुत्रं देऊ केलं. मास्तर नको म्हणाला आणि थंडीत एकटाच फेऱ्या मारत राहिला.