दोब्रिलाच्या खिडक्या

माझ्या भावजयीबद्दल सर्बियातल्या आमच्या कोस्येरिचमध्ये कोणालाही विचारा, दोन गोष्टी सांगतील. एक, बस स्टँडच्या भोंग्यातून जो आवाज यायचा तो तिचा. दोन, तिने रादिसावला वाऱ्याने मारलं. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी ऐकली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि या गावात ती मला पाव आणायला गेलं तरी ऐकावी लागते.

दोब्रिला गोड बोलणारी कधीच नव्हती, आणि त्यात नवल नाही, कारण आमच्याकडे गोड बोलणाऱ्या बायकाच कमी. पण हिचं बोलणं म्हणजे सरळ घोषणा. "उझित्सेची गाडी तीन नंबरवर. मागे सरका." घरातही तेच. "सूप टेबलावर. हात धुवा." हिवाळ्यात बुकोवीच्या घाटात धुकं उतरलं की ड्रायव्हर म्हणायचा जातो, साहेब म्हणायचा जाऊ दे, आणि ही भोंग्यात सांगून मोकळी व्हायची, की गाडी सुटणार नाही. लोक खिडकीशी येऊन शिव्या द्यायचे. ती म्हणायची, "उशिरा पोचलेला शिव्या देतो, पण देतो तरी." मी तिची नणंद. आमचं नणंद-भावजयीचं असतं तेवढंच सख्य. पण माणूस म्हणून ती कशी आहे हे मला गावापेक्षा जास्त ठाऊक आहे.

माझा भाऊ तिहोमिर चुन्याच्या भट्टीवर होता. जन्मभर पांढरी धूळ गिळून त्याच्या छातीची पार चाळण झालेली. कोरोनाच्या आदल्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला, तेव्हा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मिल्काने दोब्रिलाला बाहेर बोलावून सांगितलं, "या वेळी निभावलं. पुढच्या वेळी निभावेल असं मी म्हणणार नाही." त्या दिवसापासून तिला एकच धास्ती. तिहोमिरला पुढची वेळ येता कामा नये.

आणि मग ते वर्ष आलं. टीव्हीवर रोज नवा शहाणा. मास्कचा काही उपयोग नाही म्हणाले, मग मास्क नसेल तर दंड म्हणाले. लिंबं साबणाने धुवा म्हणाले, आम्ही धुतली, मग म्हणाले लिंबांचा काही संबंध नाही. पासष्टीच्या पुढच्यांना घराबाहेर पाऊल टाकायची बंदी केली, आणि बंदी उठली त्या आठवड्यात सगळे लग्नांना गेले. तिहोमिर सकाळी उठल्या उठल्या राकियाचा, म्हणजे घरच्या फळांच्या दारूचा, घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "हे घे, आतून धुतलं." दोब्रिलाचा जीव मेटाकुटीला आला होता. "धुक्यात निदान धुकं दिसतं तरी," ती म्हणायची.

शरद ऋतूत आजार पुन्हा वाढला आणि ती मिल्काकडे गेली. मी बरोबर होते. तिने विचारलं, मित्रोव्हदानला आमची स्लावा आहे, काय करू? स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस; आमचा तो मित्रोव्हदान, नोव्हेंबरात. त्या दिवशी दार उघडं असतं आणि सगळं गोत येऊन जेवतं.

मिल्का म्हणाली, "दार लावून घे. नाहीच जमलं तर समोरासमोरच्या खिडक्या उघड. हवा खेळू दे."

"मग त्याला काही होणार नाही?"

"ते मला माहीत नाही."

"अंदाजे? निम्मी आशा? पाऊण?"

"दोब्रिला, माहीत नाही गं. अजून कोणालाच नीट माहीत नाही."

घरी येऊन तिने भांडी आपटली. "अर्धं उत्तर दिलं बाईने. आता त्या अर्ध्यावर मी अख्खा नवरा ठेवायचा?" मग जरा वेळाने, कोबी चिरता चिरता म्हणाली, "पण माहीत नाही म्हणणारी आजवर हीच एकटी भेटली." आणि तिने ठरवलं, दार लावायचं.

तिहोमिर भडकला. "त्र्याण्णव साली घरात पीठ नव्हतं, तरी या घराचं दार मित्रोव्हदानला लागलं नाही. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी सगळ्यांना फोन करते."

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. आमच्याकडे स्लावाला कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो आपणहून येतो, बोलावणं करणं हा अपमान. त्यामुळे नको म्हणायचीही कोणाला सवय नाही. आजवर ज्यांच्याकडे स्लावासाठी एकदाही फोन वाजला नव्हता, त्यांच्याकडे तो वाजला आणि पलीकडून दोब्रिला म्हणाली, येऊ नका. आता याचा अर्थ गावाने काय घ्यावा?

चुलत बहीण म्हणाली, "हो हो, बरोबर आहे तुझं, गर्दी नकोच. बाकीच्यांना सांग. आम्ही काय बाकीचे आहोत?"

रादिसाव आमचा कूम. म्हणजे तिहोमिरच्या लग्नाचा साक्षीदार, त्याच्या परदेशी असलेल्या लेकीचा धर्मपिता. वर देव आणि खाली कूम, असं आमच्याकडे म्हणतात, आणि ते गमतीने म्हणत नाहीत. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग, तिहोमिरला काय झालंय? किती दिवस म्हणालेत?"

"काही झालेलं नाही रे! होऊ नये म्हणून सांगतेय."

"बरं बरं. तू रडू नकोस. आम्ही सगळे येतो."

ती रडत नव्हती, किंचाळत होती. पण झालं असं की गावभर पसरलं, तिहोमिरचं काही खरं नाही. आणि मित्रोव्हदानला जे कधी आले नव्हते तेही भेटून जायला आले. ज्या आवाजावर अख्खं गाव पळत जाऊन बस पकडायचं, त्याच आवाजाचं या वेळी कोणी काही ऐकलं नाही.

पाहुणा दारात आल्यावर त्याला परत पाठवणं तिला जमेना. ते मलाही जमलं नसतं. मग तिने मिल्काचा दुसरा उपाय काढला आणि बैठकीच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड उघडल्या. नोव्हेंबरची हवा. गव्हाचा प्रसाद समोर धरायचा, चमचाभर घ्यायला लावायचं आणि पुढे सरका म्हणायचं, असं तिचं चाललं होतं. पाहुणे कोपराला कोपर लावून हसायचे आणि मग, "जाऊ दे रे, आपण आपलेच," म्हणून आमच्या रीतीने तिहोमिरच्या गालांचे तीन मुके घ्यायचे.

पण खिडकी! आमच्या लोकांना युद्धाची भीती वाटत नाही, सरकारची वाटत नाही, व्हायरस तर टीव्हीवाल्यांनी काढलेला. भीती वाटते ती फक्त आरपार वाऱ्याची. दोन खिडक्यांमधून वारा खेळला की मान धरते, कान जातो, तोंड वाकडं होतं, छातीत पाणी होतं, आणि माणूस मरतो. हे आम्हाला पाळण्यात शिकवतात.

ओब्राद काकांनी आल्या आल्या एक खिडकी लावली. "कोणी उघडी टाकली ही? पोराच्या छातीचा तरी विचार करा!"

"काका, त्याच्या छातीसाठीच उघडी आहे." तिने पुन्हा उघडली.

"डोकं फिरलंय का तुझं? माझी आई आरपार वाऱ्याने गेली."

"तुमची आई शहाण्णवाव्या वर्षी गेली."

"तेच म्हणतोय मी. नाहीतर अजून असती."

ती सार्मा, म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, आणायला आत गेली की कोणीतरी खिडकी लावायचं. ती बाहेर आली की उघडायची. कूम रादिसाव आला तोच घसा खाकरत. "काही नाही, जरा धरलाय, राकिया पोटात गेली की सुटेल," म्हणाला आणि तिहोमिरला असा कवटाळला की जणू शेवटची भेट. त्याच्या बायकोने, झागोर्काने, आपली शाल काढून तिहोमिरच्या गळ्याभोवती गुंडाळली आणि जाऊन खिडकी लावली. मला तर कोणाकोणाचं डोकं धरून भिंतीवर आपटावं असं झालं होतं. सगळे त्याच्यावर माया करत होते. मायेने खिडक्या लावत होते, मायेने तोंडाशी तोंड नेऊन विचारत होते, "कसं वाटतंय?"

स्वयंपाकघरात दोब्रिलाने मला दंडाला धरलं. "ल्युबिंका, त्यांचंच खरं असलं तर? माझ्या आईनेही मला हेच शिकवलं. मी आयुष्यात कधी दोन खिडक्या एकदम उघडलेल्या नाहीत. आणि मिल्का म्हणते, तिला माहीत नाही. वाऱ्यानेच त्याला न्यूमोनिया झाला तर?"

माझीही मान बसल्या बसल्या आखडली होती.

तेवढ्यात तिहोमिर दारात आला. ओठ निळसर पडलेले. "दोब्रिला, पुरे कर तो हट्ट. लोक गारठलेत. मीही गारठलोय. लाव खिडकी."

तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीत रादिसाव खोकला, आणि तिने तिकडे पाहिलं. मग हात पुसले, बाहेर गेली आणि खिडकीचं दार बिजागरीतून उचलून काढलं. जुन्या खिडक्या आहेत, उचलल्या की निघतात. एकामागून एक सगळी दारं काढून तिने परसातल्या खोपटात नेऊन ठेवली, खोपटाला कुलूप लावलं आणि बैठकीच्या मधोमध उभं राहून स्टँडवरच्या आवाजात सांगितलं, "खिडक्या आता लागणार नाहीत. ज्याला थंडी वाजते त्याने कोट घालावा नाहीतर घरी जावं."

असा अपमान त्या घरात कोणी कोणाचा केला नव्हता. काका टोपी घालून निघाले. चुलत बहीण ताट अर्धं टाकून उठली. सार्मावर चरबी गोठायला लागली. शेवटपर्यंत एकटा रादिसाव बसला, कोट घालून, कॉलर वर करून. "कूम," तो हसत म्हणाला, "तुझ्या बायकोने आपल्याला बसमधून उतरवलं बघ." मग झागोर्काने त्याला ओढत नेलं.

त्याच आठवड्यात रादिसावला ताप भरला. मोठ्या इस्पितळात नेला. झागोर्का आजारी पडली, ओब्राद काका पडले, ते दोघं उठले. रादिसाव उठला नाही. डिसेंबरमध्ये त्याला पुरलं, आणि कबरीपाशी मोजकीच माणसं होती. तिहोमिरला आम्ही जाऊ दिलं नाही. त्याला साधी शिंकही आली नव्हती.

आता यातून माणसाने काय समजावं? जो घसा खाकरत आला तो आजार घेऊनच आला, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण गावाला कळलं ते असं, की दोब्रिलाने धडधाकट माणसाला वाऱ्यात बसवून मारलं. मी मिल्काला जाऊन सरळ विचारलं, "त्या खिडक्यांनी माझा भाऊ वाचला ना? एवढं तरी सांगा, गावाच्या तोंडावर मारते." ती थकलेली होती, डोळे लाल. म्हणाली, "वाचला असेल. नसेलही." मला त्या बाईचा इतका राग आला! आणि तिच्या जागी मी असते तर दुसरं काय म्हणाले असते, तेही सुचेना. गेलेला माणूस सगळ्यांना दिसतो. वाचलेला कशाने वाचला हे कुठे दिसतं?

बेकरीत झागोर्का दोब्रिलाला पाहून तोंड फिरवते. दोब्रिला तिला काही म्हणत नाही. मला एकदा म्हणाली, "तिला काहीतरी धरायला हवं ना. मला धरलंय, धरू दे." मी चिडले. असलं शहाणपण मला नको होतं. तिने एकदा तरी ओरडून सांगावं, असं मला वाटत होतं.

पुढच्या मित्रोव्हदानला तिने नेहमीएवढीच सार्मा केली. सकाळी फादर येऊन स्लावाचा पाव कापून गेले. तिहोमिर चांगला कोट घालून टेबलाशी उभा. स्लावाला घरचा पुरुष पाहुणे येऊन जाईपर्यंत बसत नाही. माझ्याशिवाय कोणी आलं नव्हतं. फाटकाकडे बघत तो उभा राहिला, पायावरचा भार बदलत, त्या चाळणीतून शिट्टीसारखा श्वास घेत. दुपार उलटली. काकांचं घर दोन फाटकं सोडून आहे. त्यांच्या चुलीचा धूर दिसत होता.

"आता कोणी येत नाही, दादा," मी म्हटलं.

"तू मध्ये बोलू नकोस." मग तो दोब्रिलाकडे वळला. वर्षभर साठवलेलं बाहेर पडलं. "बघ. झालं समाधान? माणसंच उरली नाहीत. माणसांशिवाय जगून मी करायचं काय, सांग?"

मी तोंड उघडणार होते. दोब्रिलाने मला हातानेच थांबवलं. तिचा आवाज या वेळी अजिबात चढला नाही.

"ते मला विचारू नकोस. तू जगावंस म्हणून जे सुचलं ते मी केलं. आणि तू त्याने जगलास की आपोआप जगलास, हे मला मरेपर्यंत कळायचं नाही. पुढचं तू बघ."

त्याने फाटकाकडे पाठ केली. मग त्याने टेबलाच्या टोकाची खुर्ची ओढली आणि माझ्यादेखत, भर स्लावाच्या दिवशी, खाली बसला.

"वाढ," तो म्हणाला.