कुंभकोणमच्या पाट्या

विट्याच्या स्टँडवर बंगळूरची गाडी लागली होती, बोचकी वर टाकून झाली होती, तरी मामंजी वैष्णवीचा हात सोडत नव्हते. मामंजी म्हणजे माझे सासरे. नऊ वर्षांच्या नातीला ते खिडकीतून एकेक पेढा देत होते आणि माझ्याकडे बघतही नव्हते. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. "वरीसभर बघा. पोरगी साळंत मागं पडली, तर हितं आणून सोडायची. मग रडायचं न्हाई." शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं, कारण वैष्णवी मजेत पेढा खात होती. रडत मीच होते, आणि रडता रडता मी मान हलवली.

आमच्या भागात गलाईवाल्याशी लग्न केलं की हे ठरलेलंच असतं. तुम्हा गावाकडच्या जावा-नणंदांना काय सांगायचं, आणि नवऱ्यामागे मदुराईला, कोचीनला, कलकत्त्याला गेलेल्या तुम्हा मैत्रिणींना तर मुळीच नको. तरी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सोनाराच्या दुकानातला केर, राख, जुने मोडके दागिने घ्यायचे, भट्टीत घालायचे, आणि त्यातलं सोनं वेगळं काढून द्यायचं, हा आमच्या पुरुषांचा धंदा. पुरुष परमुलखात, बायका-पोरं गावात. आमचे हे अकरा वर्षं तमिळनाडूत कुंभकोणमला होते. वैष्णवी फोनवर पप्पांशी तासभर गप्पा मारायची आणि दिवाळीला तेच पप्पा दारात उभे राहिले की माझ्या पदराआड लपायची. एका वर्षी ती चार दिवस लपली. पाचव्या दिवशी जरा जवळ गेली, तोवर ह्यांच्या परतीच्या गाडीची वेळ झाली. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं की आता तिघांनी एका घरात राहायचं, मग ते घर कुठेही असो.

ते घर निघालं सोनारांच्या गल्लीत, दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. खिडकीतून देवळाचं गोपुर दिसायचं, आणि सकाळी समोरच्या हॉटेलातून कॉफीचा वास यायचा. मला सगळं आवडलं, फक्त काही कळत नव्हतं. माझी दहावी झालेली आहे, चांगल्या मार्कांनी. गावात लोक माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायचे. इथे मी पिठाच्या पुडीवरचं नावसुद्धा वाचू शकत नव्हते. अडाणी असणं म्हणजे काय ते मला बत्तिसाव्या वर्षी समजलं, आणि मला त्याचा फार राग आला. मी चिडले की भांडी जोरात घासते. त्या महिन्यात आमची भांडी लखलखत होती.

वैष्णवीची शाळा इंग्रजी माध्यमाची, पण तमिळ विषय सक्तीचा. सप्टेंबरच्या परीक्षेत ती तमिळमध्ये नापास झाली आणि विज्ञानातही. बाईंनी आम्हाला बोलावलं. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. मुलगी हुशार दिसते, म्हणाल्या, पण मोठा शब्द आला की थांबते आणि मग तासभर थांबलेलीच असते. ओळखीच्या भाषेत शिकली तर पुढे जाईल. परत येताना स्कूटरवर ह्यांनी मागे न बघता सांगितलं की जूनमध्ये तिला गावी सोडून येऊ. भांडायलासुद्धा तयार नव्हते. त्यांचेही वडील असेच परमुलखात होते, तेही असेच आजीपाशी वाढले, आणि त्यांना वाटत होतं की हे असंच असतं. मला मात्र रस्त्यातच उतरावंसं वाटलं.

खाली मागच्या बाजूला सक्कूमावशी राहायच्या. सत्तरीच्या, एकट्या, सरकारी दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीवर आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. मी त्यांना तमिळच समजत होते, कारण दारात, दुकानात त्या तमिळच बोलायच्या. त्या संध्याकाळी मी जिन्यात बसून वैष्णवीवर ओरडत होते, तर खालून आवाज आला, "कोठली गे तूं? लेकरास कशास बोलतेस?" मी दचकलेच. तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेल्या घराण्यांपैकी ते घर. घरात अजून मराठीच. पण ती मराठी अशी की माझ्या आजेसासूच्या आजीनं बोलावी. मी हसले, तर त्यांनी मलाच सुनावलं की तुमच्या मराठीत तर निम्मी हिंदी मिळून गेली आहे. तेव्हापासून आमची गट्टी जमली.

वैष्णवीचं पुस्तक त्यांनी चष्म्याजवळ धरून पाहिलं. म्हणाल्या, दवाखान्यात आपण नोकरीला लागलो तेव्हा औषधांची नावं बघून घाम फुटायचा. शिकवणारं कुणी नव्हतं. मग हळूहळू दिसायला लागलं की तेच तेच तुकडे पुन्हा येतात. "थोर शब्द पाहून भिऊं नको," त्यांनी वैष्णवीला सांगितलं. "फोडून पाहा. एक तुकडा तरी ओळखीचा असेल. मग मेल्ल मेल्ल असके कळतात." मेल्ल म्हणजे हळू, असके म्हणजे सगळे. हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

सुरुवात आमच्या धंद्यातल्या शब्दानं झाली. नगैक्कडै. हे आम्हाला ठाऊक होतं, दागिन्यांचं दुकान, कारण ह्यांचं रोजचं जाणं-येणं तिथेच. मावशींनी शेवटचा कडै, म्हणजे दुकान, वेगळा काढून दाखवला. मग गल्लीत उभं राहून वैष्णवीनं पाट्या शोधल्या. फुलवालीच्या पाटीवर पूक्कडै. दुकान तर कळलं, विकते फुलं, म्हणजे पू म्हणजे फूल. कुणी न सांगता तिला एक शब्द मिळाला होता. तिनं वर येऊन तो मला दिला, आणि तोंड असं केलं होतं की जणू सोनंच सापडलंय. मला आठवलं, राखेत सोन्याचा कण दिसला की आमच्या ह्यांचंही तोंड असंच होतं.

मग विज्ञान. हर्बिव्होर, कार्निव्होर, ऑम्निव्होर या तीन शब्दांनी मुलीला छळलं होतं. मावशींनी मागचा व्होर झाकायला सांगितला. धडा प्राण्यांच्या खाण्याचा, आणि तिन्हींत तोच आहे, तर तो खाणारा असणार. आता पुढचा तुकडा बदलतो, म्हणजे खाणं बदलतं. मी एकदम म्हणाले, अगं हे तर आपलं शाकाहारी, मांसाहारी. मला विज्ञान येत होतं! दहावीला पाठ केलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं, फक्त मराठीत. तापमापीला तमिळमध्ये वेप्पमानी म्हणतात. वेप्पम म्हणजे उष्णता, मानी म्हणजे मोजणारा, इंग्रजीत तोच मीटर. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मराठी, तमिळ, इंग्रजी असे तीन रकाने आखले आणि भिंतीला लावले. मुलीला शिकवायला मी नालायक आहे असं जे चार महिने मनात घर करून होतं, ते त्या दिवशी गेलं.

हे आधी नुसते बघायचे. मग एक दिवस जेवताना म्हणाले, "आगं, हे तर आमचंच काम. वेगळं काढायचं." त्यानंतर संध्याकाळी दुकान लवकर आवरून ते वैष्णवीला स्कूटरवर फिरवायला लागले. प्रत्येक चौकात एक पाटी फोडायची. बोलायचं तमिळ त्यांना येत होतं, वाचता येत नव्हतं, आणि तिचं उलटं. दोघं मिळून एक पाटी पुरी करायचे. परत आले की कोण चुकलं यावरून भांडत जिना चढायचे. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते भांडण ऐकायचे. लपणारी मुलगी बापाशी कडाकडा भांडत होती. याच्यासाठीच तर मी आले होते.

तोवर वैष्णवीबरोबर मीही अक्षरं जुळवून वाचायला लागले होते, आणि माझीही फजिती झाली, ती सांगायला हवी. पेरुंदु निलैयम म्हणजे बसस्टँड, म्हणून निलैयम म्हणजे ठिकाण. कावल म्हणजे राखण. बाजारात मला भाजीची पिशवी जड झाली होती आणि समोर पाटी दिसली, कावल निलैयम. मी म्हटलं वा, राखणीचं ठिकाण, पिशवी ठेवायची सोय दिसते. आत गेले, पिशवी टेबलावर ठेवली आणि मोठ्या तोऱ्यात तमिळमध्ये सांगितलं की जरा बघा, मी आलेच. ते पोलीस ठाणं होतं. खुर्चीवरच्या पोलीसबाईनं माझ्याकडे पाहिलं, वांग्यांकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी परत आले तेव्हा पिशवी तिथेच होती. मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या की तुकडे रस्ता दाखवतात, दार मात्र विचारूनच उघडायचं. हे मी वैष्णवीलाही शिकवलं. अंदाज कर, आणि मग विचार. विचारायला लाजू नकोस.

एप्रिलच्या परीक्षा झाल्या आणि मामंजी आले. नातीचं नाव गावच्या शाळेत सांगून ठेवूनच आले होते. निकाल समोर ठेवला. विज्ञान चांगलं होतं, तमिळमध्ये जेमतेम पास. मामंजींनी कागद घडी करून खिशात घातला आणि जेमतेम म्हणजे मागंच की, असं म्हणाले. स्टँडवर मीच मान हलवली होती. वैष्णवीचे कपडे कोणत्या पिशवीत भरायचे ते मी मनात ठरवायला लागले होते. इतकी मी खचले होते.

जाण्याआधी त्यांना गोविंदपुरमच्या विठ्ठलाचं दर्शन घ्यायचं होतं. सकाळच्या बसनं आम्ही तिघं निघालो, मामंजी, वैष्णवी आणि मी. मामंजींनी तरुणपणी बारा वर्षं पुदुकोट्टईला गलाई केली होती, त्यामुळे त्यांना वाटायचं की हा मुलूख आपल्या पायाखालचा आहे. पण भाव, वजन आणि जेवण यांपलीकडचं तमिळ त्यांना येत नव्हतं. बसमध्ये वैष्णवी त्यांना गावांची नावं फोडून सांगत होती. तिरु म्हणजे आपलं श्री. ऊर म्हणजे गाव. नल्लूर म्हणजे चांगलं गाव. मामंजी हूं हूं करत होते. मग त्यांनी ड्रायव्हरच्या मागे वर लावलेल्या लाल अक्षरांच्या डब्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं की ह्या कंडक्टरच्या डब्यावर काय लिहिलंय; त्यांच्या मते तो कंडक्टरचाच डबा.

तो शब्द तिनं कधी वाचला नव्हता. मला ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आता ती थांबणार, बाई म्हणाल्या होत्या तशी. ती थांबली, पण ओठ हलत होते. मुदलुदवि पेट्टी. पेट्टी म्हणजे पेटीच की. मुदल म्हणजे पहिला, शाळेत पहिल्या बक्षिसाला मुदल परिसु म्हणतात. उदवि म्हणजे मदत. मग ती सावकाश म्हणाली, "पहिल्या मदतीची पेटी, आबा. कुणाला लागलं तर औषध." आणि लगेच मागे वळून कंडक्टरला तमिळमध्ये विचारून खात्रीही करून घेतली. त्यानं हो म्हटलं. आत काही असेल की नाही हा वेगळा प्रश्न.

मामंजींनी त्या डब्याकडे पुन्हा पाहिलं. मग त्यांनी सांगितलं, आणि हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. पुदुकोट्टईला त्यांच्या भागीदाराच्या हातावर तेजाब, म्हणजे सोनं शुद्ध करायचं ॲसिड, सांडलं होतं. त्याला घेऊन ते बसनं दवाखान्यात गेले, अर्धा तास, अशाच एका डब्याखाली बसून. कुणाला काही विचारलं नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. विचारायची सवयच नव्हती. भागीदाराची दोन बोटं आखडली ती आखडलीच. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर चपला घालता घालता ते मला म्हणाले, "हिला हितंच राहू द्या. ती मागं न्हाई पडली. मी पडलोतो." मी देवळाच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले, आणि या वेळी त्यांनी मला काही म्हटलं नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. मामंजी दर रविवारी नातीला फोन करतात आणि एक शब्द विचारतात. त्या बारा वर्षांत कानावर पडलेले आणि न कळता राहून गेलेले शब्द. कुठे भाजीवालीचा, कुठे देवळातल्या भोंग्यावरचा. वैष्णवी फोडते, अडली तर सक्कूमावशींना हाक मारते. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं की एंग ऊर्कारर म्हणजे काय. पुदुकोट्टईचा घरमालक त्यांची ओळख करून देताना प्रत्येकाला असं सांगायचा. त्यांना वाटायचं, भाडेकरूला म्हणत असतील.

वैष्णवीला यात काही अवघड नव्हतं. एंग म्हणजे आमचा, ऊर म्हणजे गाव, कारर म्हणजे त्या ठिकाणचा माणूस, स्वतःबद्दल सांगताना कारन. आमच्या गावचा माणूस, आबा, असं तिनं सांगितलं आणि खेळायला पळाली. फोन माझ्या हातात राहिला. मग मामंजी म्हणाले, "बारा वर्सं तो मला आपल्यातला म्हनत हुता, आन् मी भाडेकरू हून राह्यलो."

मला तसं राहायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे. गावाला जाते तेव्हा मी घरी जाते, आणि परत निघते तेव्हाही घरीच निघते. ज्या गल्लीत लोक आपल्याला काय म्हणतात ते समजून घ्यायची खटपट आपण करतो, ती गल्ली आपली होते, असं मला आता वाटतं. ह्यांनी चौकशी केली, पुदुकोट्टईचे घरमालक वारले आहेत, पण त्यांचा मुलगा त्याच घरात राहतो. दिवाळीनंतर मामंजी येणार आहेत आणि आम्ही सगळे त्याला भेटायला जाणार आहोत. तिथे स्वतःच बोलायचं असा मामंजींचा हट्ट आहे. म्हणून गेले तीन रविवार ते नवा शब्द विचारत नाहीत, नातीकडून एकच वाक्य घोकून घेत आहेत. नान उंग ऊर्कारन. मी तुमच्याच गावचा माणूस.