उजवी बाजू तिची

माझा उजवा कान गेला तो झोपेत. दुखलं नाही, खुपलं नाही. पहिल्या पाळीसाठी उठवायला बायको चहा घेऊन उशाशी आली होती आणि मी डाव्या कुशीवर, डावा कान उशीत रुतलेला. तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज काही येत नव्हता. मला वाटलं, थट्टा करतेय. ‘काय नाटक लावलंयस सकाळी सकाळी?’ म्हणून खेकसलो आणि उठून बसलो, तेव्हा कुठे तिचं बोलणं कानावर आलं. ‘अवो, मगाधरनं वरडते मी! कानात बोळे घातलेत काय?’

कारखान्यात ज्याला त्याला माझ्या कानावरचा इलाज ठाऊक. एक म्हणाला मळ असेल, दुसरा म्हणाला वारं शिरलं, तिसऱ्याने लसूण घालून कढवलेलं तेल आणून दिलं. मी पण शहाणा! आठवडाभर तेल घालत बसलो. शेवटी पालघरला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले, लगेच आला असतात तर काही करता आलं असतं. बाहेर पडल्यावर मी डॉक्टरांना शिव्या घातल्या, तेलवाल्याला घातल्या, स्वतःलाही घातल्या. बायको इतका वेळ माझ्या डाव्या अंगाने चालत होती, ती गुपचूप उजवीकडे आली. त्या दिवसापासून रस्त्यात ती कायम उजवीकडेच. बोईसरच्या रस्त्यावर टँकर कधी अंगावर येईल नेम नाही, आणि त्या बाजूचा मला पत्ताच लागायचा नाही. ती नुसती कोपराला धरून ओढायची आणि गप्पा पुढे चालू.

कामापुरतं एका कानावर निभत होतं. मशीन वर्षानुवर्षं तीच, हात सरावलेले. खरी धास्ती गाण्याची होती. सुटीच्या दिवशी मी एका ऑर्केस्ट्रात गायचो. किनाऱ्यावरच्या गावांतल्या हळदी, साखरपुडे, कुठे सत्यनारायण. त्यातच माझा जीव होता, खोटं कशाला सांगू. कारखान्यात मला कुणीही ‘ए’ म्हणायचं, स्टेजवर माणसं नाव घेऊन फर्माइश करायची. म्हणून कानाचं मी कुणालाच सांगितलं नाही. मान तिरकी करून डावा कान पुढे काढायचा आणि वेळ मारून न्यायची.

पालघरजवळच्या माहीमच्या एका हळदीत ते उघडं पडलं. ढोलकीवाला माझ्या उजव्या हाताला बसला होता. समोरच्या स्पीकरांचा असा दणका की त्याची ढोलकी मला औषधालाही ऐकू येईना. त्याने तोडा घेऊन गाणं थांबवलं आणि मी आपला डोळे मिटून गातोय! डोळे उघडले तर नवरीच्या मावश्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. ऑर्केस्ट्राचा मालक भला माणूस. त्याने सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. सामान भरताना जवळ येऊन म्हणाला, ‘काका, आता थोडा आराम करा. पुढच्या सीझनला बघू.’

तो पुढचा सीझन कसा येतो ते मला माहीत होतं. घरी येऊन बाजाच्या पेटीवर चादर टाकली. मग मी महिनोन् महिने कसा वागलो ते विचारू नका. भाजीत मीठ जास्त, पंख्याचा आवाज जास्त, खालच्या फॅब्रिकेशनवाल्याचं ग्राइंडर जास्त. बायको बाजारातून मासे विकून दमून यायची आणि मी दारातच काहीतरी काढून बसायचो.

ती शिरगावची. मच्छीमाराची लेक, लग्नानंतर बोईसरच्या बाजारात मासळीची पाटी लावायला लागली. हाका मारून मारून तिचा गळा बसलेला, आवाज खरखरीत. पण कामात असली की गुणगुणायची आणि सुराला पक्की होती. मी किती वेळा म्हटलं असेल, ‘अगं, गा की माझ्याबरोबर एकदा.’ उत्तर ठरलेलं. ‘नाय बा. माज्या आवाजाला बोंबलाचा वास येतो.’ विनवलं, चिडवलं, रुसून पाहिलं. ढिम्म हलली नाही.

एके दिवशी तिने बाजारातून आल्या आल्या पेटीवरची चादर ओढून काढली, बादलीत भिजत टाकली आणि म्हणाली, ‘दोन कानांची मान्सं गातात ती काय सगळी चांगली गातात? तुमाला एकच हाय ना, मग एका कानात मावंल येवढंच गानं करा. कोन नको म्हनतंय?’

त्या वेळी मी तिच्यावर भडकलो. पण वाक्य डोक्यातून जाईना. फोनवर गाणी जुळवायचं शिकलो. पहिल्यांदा हौस दांडगी: तबला घाल, बासरी घाल, मागे व्हायोलिनं घाल. मुलीला ऐकवलं. ती लग्न होऊन पालघरला असते, तिथेच सरकारी कचेरीत नोकरी करते. ऐकून म्हणाली, ‘बाबा, एका बाजूला बाजार भरलाय आणि दुसऱ्या बाजूला शुकशुकाट आहे.’ बरोबरच होतं. डाव्या कानाला जे गोड लागलं ते मी सगळं डावीकडेच भरलं होतं. मग एकेक काढत गेलो. बासरी गेली, व्हायोलिनं गेली, तबलाही गेला. राहिली पेटी आणि मी. एवढं मला नीट ऐकू येत होतं आणि एवढंच नीट करता येत होतं. चालीही बदलल्या. पूर्वी ऑर्केस्ट्रात दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांसारखी गायचो. आता पाळी सुटल्यावर रिकाम्या डब्यांचे आवाज करत घरी जाणाऱ्या माणसांवर गाणं केलं, तिच्या पाटीवर केलं, शिरगावच्या ओहोटीवर केलं. हळू, थांबून थांबून. घाई केली की मला माझाच सूर सापडायचा नाही, म्हणून हळू.

दोन माइकचा एक छोटा रेकॉर्डर आणला. एक माइक माझ्या तोंडाशी, तो डाव्या बाजूला वाजायचा. दुसरा पेटीशी, तो उजव्या बाजूला. पंखा बंद, खिडक्या बंद, घामाच्या धारा. बायको पेटीच्या पलीकडे, माझ्या उजव्या हाताला भिंतीला टेकून बसायची, मासळी निवडायला बसल्यासारखी एक पाय दुमडून. गाताना माझे डोळे मिटलेले. गाणं झालं की हेडफोन लावून मी माझी बाजू ऐकायचो आणि मग ती तिची.

हेडफोन उलटा घातला की उजवी बाजूही मला ऐकता आली असती. तेवढी अक्कल मला होती. पहिल्याच वेळी उलटा करायला गेलो, तर तिने तो हातातून काढून घेतला. ‘उजवी बाजू माजी. तुमी तिकडे नाक खुपसायचं नाय.’ मला मजा वाटली. चाळीसेक वर्षं बाजारात उभी राहिलेली बाई, तिला या कामात एवढा रस वाटतोय तर वाटू दे, म्हणून मीही वचन देऊन टाकलं. ती डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकायची आणि हेडफोन काढून म्हणायची, ‘ठीक हाय. टाका.’ तिने टाका म्हटल्यावरच मी गाणं नेटवर टाकायचो. आणि एकदा टाकलं की पुन्हा ऐकायचं नाही, हा माझा नियम. आपलाच आवाज ऐकला की चुका दिसतात आणि जेवण जात नाही.

ऐकणारे थोडेच होते, पण ते लिहायचे. गंमत म्हणजे माझ्या गळ्यापेक्षा पेटीचं कौतुक जास्त. ‘पेटीचा आवाज किती भरीव’, ‘पेटीत वेगळाच गोडवा आहे’. एकाने तर लिहिलं, ‘तुमची पेटी गाते.’ माझी पेटी जुनीपुराणी, भात्याला ठिगळ लावलेली. मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मिजाशीत म्हटलं, ‘बघ, हात लागतो त्याला!’ ती बोंबलाची डोकी मोडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मग! गानारच ती.’

पुढे तिला धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग बसल्या जागी. छातीत पाणी झालं होतं. पालघरला नेलं, पाणी काढलं, घरी आणलं, पुन्हा झालं. पाटी बंद झाली. मी गाणं बंद करतो म्हटलं, तर अशी चिडली की मलाच धाप लागायची वेळ आली. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि बोंबील वाळवायचे बांबू रिकामे उभे असतात, त्यावर गाणं करा म्हणून तिनेच टुमणं लावलं. केलं. रेकॉर्ड करायला बसलो तेव्हा पाठीला दोन उश्या लावून ती तिच्या जागी बसली. गाणं संपल्यावर मी हेडफोन पुढे केला. म्हणाली, ‘आता नको, दमले. उद्या आयकते.’

तो उद्या आला नाही. संध्याकाळी दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथून ती घरी आली नाही.

ते गाणं तसंच पडून राहिलं. मुलगी म्हणायची, बाबा टाका ना. मी टाकेना. उजवी बाजू कुणी ऐकलीये? तिने ठीक हाय म्हटल्याशिवाय कसं टाकू? स्वतः हेडफोन उलटा करायला हात धजेना. तिच्या साड्यांचं कपाट मी उघडलं नव्हतं, तसंच हे. आणि खरं सांगायचं तर मनात ठरून गेलं होतं की आपलं गाणं इथे संपलं. रस्त्याने चालताना मी अजून उजवीकडे जागा सोडून चालायचो. पेटीवर पुन्हा चादर आली.

एका रविवारी दुपारी मुलगी आली. जेवण झाल्यावर तिने न विचारता रेकॉर्डर काढला आणि म्हणाली, ‘आईचं काम मी करते. द्या इकडे.’ मी म्हटलं, कर बाई. ती ऐकायला बसली. मी समोर सुपारी कातरत होतो. थोड्या वेळाने पाहतो तर तिचा चेहरा वेगळाच. उजव्या कानावरचा हेडफोन तिने दोन्ही हातांनी दाबून धरला होता.

‘काय झालं? पेटीचा आवाज फाटला का?’

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘आई गातेय.’

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. तिने हेडफोन काढला, उलटा केला आणि माझ्या डोक्यावर घातला. उजवी बाजू माझ्या डाव्या कानाला आली.

पेटी होती, आणि पेटीच्या आत, अगदी माइकला लागून, बायको होती. शब्द नव्हते, नुसता सूर. खरखरीत, बसका, पण स्वराला पक्का. मी जिथे दम घ्यायला थांबायचो तिथे ती धरून ठेवायची. मी वर गेलो की ती खालीच राहायची, माझ्या पायाखाली. सुपारी, अडकित्ता सगळं खाली पडलं. मग आम्ही मागची सगळी गाणी काढली. प्रत्येक गाण्यात ती होती, फोनवर ऐकताना पेटीच वाटावी अशी. मी ज्या कानाने बहिरा, त्या कानाशी बसून ती सगळी वर्षं माझ्याबरोबर गात होती आणि वरून मलाच म्हणत होती, ठीक हाय, टाका. मी इतका रडलो की मुलगी घाबरली. शेजारची भाभी धावत आली, ‘अंकल, क्या हुआ?’

शेवटी ते शेवटचं गाणं पूर्ण ऐकलं. दोन कडव्यांत ती नीट गायली आहे. तिसऱ्यात तिचा श्वास अपुरा पडतो. एक सूर धरते, सुटतो, पुन्हा धरते. शेवटच्या कडव्यात ती थांबते. फक्त धाप ऐकू येते, मग तीही माइकपासून दूर जाते. तिने तोंड फिरवलं असणार, धाप गाण्यात जाऊ नये म्हणून. आणि मग राहते नुसती पेटी. माझ्या गळ्याशिवाय ती पेटी मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. इतकी किरटी! भात्यातून वारं सुटतंय, सूर कापतोय, गोडवा म्हणून नावाला नाही. हीच माझी पेटी, जिच्यावर मी मिजास केली.

मुलगी हळूच म्हणाली, ‘शेवटचं कडवं काढून टाकू या का?’

मी म्हटलं, नको. जेवढं आहे तेवढं राहू दे. कान एकच आहे हे कबूल करायला मला बायको लागली होती. पेटी किरटी आहे हे कबूल करायला आता ती नाही, तेव्हा माझं मीच करायला हवं. यापुढे गायचं तर ह्याच पेटीवर. त्या दिवशी गाणं जसंच्या तसं टाकलं. ‘ठीक हाय’ म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून मुलीने म्हटलं. तिला ते धड म्हणता आलं नाही.

तीन-चार दिवसांनी एकाने खाली लिहिलं. आमच्या पेटीचं नेहमी कौतुक करणारा, तोच. ‘काका, शेवटच्या कडव्यात पेटी बिघडली का? आवाज एकदम पोकळ येतोय.’

माझं डोकं भडकलं. चांगलं लांबलचक, झणझणीत उत्तर लिहिलं. मग ते पुसलं आणि त्याला लिहिलं, ‘पेटी बिघडलेली नाही. ती पहिल्यापासून अशीच वाजते. इतके दिवस माझी बायको गात होती.’