पदराखालचा हात

लकव्यातून पाय बऱ्यापैकी लवकर सावरला. उजवा हात मात्र रुसून बसला. बोटं आत वळून मूठ झाली आणि ती माझं काही ऐकेना. घरी सोडताना फिजिओवाल्या मुलीनं बजावलं, "सुरुवातीचे महिनेच मोलाचे असतात काकी. या हाताला रोज काम द्या. वाटी धरा, ओटा पुसा, जेवा याच हातानं. सांडलं तर सांडू दे. सगळं डाव्यानं केलंत तर उजवा विसरून जाईल." मी शहाण्या पोरीसारखी मान डोलावली.

मला घाई होतीच. मुलाचं लग्न आधीच ठरलेलं. आमच्या घरात नवरदेवाला पहिली हळद आईची, तीही उजव्या हाताची. तेवढ्यापुरता तरी हात उघडावा, एवढंच मागणं होतं.

पण करंजाड्यातल्या आमच्या घरी पाऊल टाकलं आणि कोन गावाहून भावकी बघायला यायला लागली. आमच्यात कुणी आजारी पडलं की जाऊन बघावंच लागतं, नाहीतर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. हातात शहाळं नाहीतर बिस्किटाचा पुडा. तब्येत तोंडाला विचारायची आणि नजर हातावर ठेवायची. माझ्या तोंडाला घाबरून एके काळी नळावरची रांग सरळ व्हायची. ती मी मांडीवर ती वाकडी मूठ घेऊन बसलेली. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक चुलत सासू म्हणाली, "कबुतराचा रगत चोल, बाय. मी जित्ता कबुतर धाडतंय."

"धाडा," मी म्हटलं, "रस्सा करू."

सगळे हसले. त्या हसण्याच्या आडून मी हात हळूच पदराखाली सरकवला. तिथं तो कुणालाच दिसत नव्हता. मग पाहुणे गेल्यावरही तो तिथंच राहायला लागला.

जेवणाचंही तेच. उजव्या हातानं घास तोंडाशी जाईपर्यंत अर्धा भात मांडीवर. डाव्या हातानं जेवायचं तर सासूबाईंच्या फोटोकडे बघवेना. शेवटी नवराच भरवायला लागला. जन्मात स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या न घेतलेला माणूस माशाचे काटे काढून, भात कालवून घास करायचा. फिजिओवाली त्याला ओरडली, तर म्हणाला, "मंग काय उपाशी ठेवू तिला?" मला त्याची लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. तो नखं कापायला बसला की मी डावा हात पुढे करायची. उजव्याची पाळी आली की म्हणायची, "राहू द्या, नंतर."

फिजिओवाली विचारायची, घरी काम करतो का हात? मी हो म्हणायची.

हळदीच्या दिवशी मुलगा पाटावर बसला. मी जावेला आधीच सांगून ठेवलं होतं की हळद तूच लाव. तिनं वाटी उचलली तसा मुलगा म्हणाला, "आईची आधी." सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. मी डावा हात वाटीकडे नेला. त्याच चुलत सासूनं मनगट धरलं.

"डावा नको, बाय."

पदर बाजूला झाला. मुलानं माझी मूठ दोन्ही हातांत घेतली आणि एकेक बोट उघडायला लागला. मी नको नको म्हणत होते. तळवा उघडला तेव्हा वास आला. कोंडून राहिलेल्या घामाचा, आंबट. तळवा पांढराफटक पडून चिरमुटला होता आणि वाढलेल्या नखांनी कातडीत लाल चंद्रकोरी उठवल्या होत्या. जवळ बसलेल्या बायकांनाही वास आला असणार, कारण दोघींनी पदर नाकाशी नेला. धरणीनं पोटात घ्यावं असं तेव्हा वाटलं. हात वाकडा झाला तो आजारानं. ही दशा मात्र मी केली होती.

मुलानं माझ्या तळव्यावर हळद ठेवली आणि तो स्वतःच्या गालावर दाबून धरला.

"दुखतंय का?"

"नाय," मी म्हटलं. खूप दुखत होतं.

रात्री मटणाच्या पंगती बसल्या. नवरा रोजच्यासारखा ताट घेऊन माझ्यापुढे बसला आणि सगळ्या भावकीदेखत घास उचलला. कुणीतरी त्याला चिडवलंही. त्याला काडीची लाज नव्हती. मी म्हटलं, "ताट खाली ठेवा. आणि माझी बोटं उघडून द्या."

त्यानं दिली. भात पिवळा झाला, मग पदरावर सांडला, मग चटईवर. समोरची पंगत जेवायची थांबून बघत होती. लाजेनं माझे कान तापले होते. हात मी ताटातच ठेवला.