चहाआधी लावलेले दिवे

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात मी तपासणीला होते. लष्करी गाड्यांच्या केबिनसाठी आम्ही छोट्या ट्यूबचे दिवे बनवायचो. चालकाला त्या उजेडात नकाशा वाचता यावा, पण त्याने डोळ्यांवर रात्रीची दुर्बीण चढवली की तिला दिवा दिसू नये, ही अट. ही दुर्बीण आपल्याला न दिसणारा, तांबड्यापलीकडचा प्रकाशही टिपते आणि कितीतरी पटींनी वाढवते. तो अडवायला दिव्यावर खास हिरवी काच असायची.

आमची रीत ठरलेली. दिवे लावायचे, चहा प्यायचा, मग अंधाऱ्या खोलीत दुर्बिणीतून पाहायचं. फोरमन धुळ्याचे. एकेक दिवा पाहून म्हणायचे, "बठ्ठं बराबर शे, अक्का." सगळं बरोबर म्हणून कागदावर त्यांची सही व्हायची, खाली मी करायची. तीन वर्षं केली.

एकदा चहाच्या वेळेला वीज गेली. परत आली तेव्हा मी खोलीत होते. दुर्बीण डोळ्याला लावली तर दिव्याच्या जागी पांढरा भडका. मिनिटभरात तो मावळला. ट्यूब थंड असताना आतला पारा कमी आणि दुसरा वायू जास्त पेटतो, आणि त्याचा न दिसणारा प्रकाश आमची काच अडवत नव्हती. आम्ही मात्र दिवे रोज तापवून मगच पाहत होतो.

शेठना सांगितलं. ते हसले. "लष्कराकडून तपासायला येणारा साहेबही आधी चहाच घेतो, ताई. मिनिटभराचं काय घेऊन बसलात?"

मिनिटभर जळगावच्या उन्हात. हे दिवे जाणार होते बर्फात.

माझा भाऊ सावद्याला केळ्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी दिवा, बॅटरी आणि दुर्बीण घेऊन मी तिथे गेले. फोरमनना सोबत ओढलं. वाटभर ते कुरकुरत होते, की केळ्यांना कशाला दिवे दाखवायचे. दिवा आत तासभर गार केला, दार लावून घेतलं आणि पेटवला. भडका मावळेचना. आम्ही आळीपाळीने पाहत राहिलो. फोरमननी दिव्याची काच पुसली आणि पुन्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या कागदावर मी लिहिलं: गार दिवा नापास. शेठनी नवा कोरा कागद पुढे केला. मी नाही म्हटलं. उद्यापासून पॅकिंगला बसा, असा हुकूम झाला. बसते म्हटलं. पॅकिंगने माझं काही झिजणार नव्हतं. त्या भडक्याने डोळे दिपून कुणाची गाडी दरीत गेली, तर कागदावर माझी सही मला नको होती.

कोरा कागद मग फोरमनपुढे गेला. त्यांनी पेन उचललं, परत ठेवलं आणि स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं.

"मी मन्हा डोयाघाई देखेल शे, शेठ."

दोन सह्यांपैकी एकही नाही, त्यामुळे माल हलला नाही. आठवडाभर खोकी तशीच पडून राहिली. मग मुकाट्याने दुसऱ्या काचेची मागणी गेली. मला तपासणीवर परत या, असं कुणी म्हटलं नाही. मीच जाऊन बसले. पहिल्याच दिवशी दारावर पाटी लावली: आधी तपासणी, मग चहा.

शेठ ती वाचून पुढे गेले. पाटी अजून तिथेच आहे.