चाकांवरच्या घराची राखण

१९७६ साल. मी अडतीस वर्षांचा होतो. मार्गशीर्ष चालू होता, माझी मळणी उरकली होती, आणि रिकाम्या खळ्यावर एक घर येऊन उभं राहिलं. चाकांवरून आलं ते.

घर एका गोऱ्या नवरा-बायकोचं. ते मोटारीच्या मागे जोडून दोघं देशोदेश फिरत होते. हायवेवर, आमच्या गावाजवळ, जूचंद्रच्या बाजूला, जोडाचं लोखंड तुटलं आणि घर तिथंच अडलं. आमच्या शाळेचे मास्तर मला बोलवायला आले. म्हणाले, "तुझेच बैल पाहिजेत, दुसऱ्याच्या बैलांचं काम नाही." नव्हतंच. तशी जोडी आसपासच्या गावांत नव्हती, हे मी आजही सांगेन.

पण बैल जुंपले आणि मीच गार झालो. एवढं मोठं पत्र्याचं घर, खिडक्यांना पडदे, आणि बैलांनी ते रिकाम्या गाडीसारखं ओढत आणलं. खळ्यावर आल्यावर गोरा वाकला, एक दांडा फिरवला, आणि घराच्या पोटातून चार लोखंडी पाय निघून जमिनीला टेकले. म्हैस बसावी तसं ते घर बसलं. मी बघतच राहिलो.

मास्तर मधे उभे राहून इकडचं बोलणं तिकडे करत होते. "नवं लोखंड मुंबईला घडवून आणायचं, आठ-दहा दिवस लागतील म्हणतात. तोवर इथं ठेवू का? त्यांना दुसरीकडे कुठं घर नाही. जे काही आहे ते यात आहे."

"सांगा त्यांना," मी बोललो, "माझ्या खळ्यावरून भाताचा दाना कधी गेला नाय. यातली सुईबी जानार नाय."

मास्तरांनी सांगितलं. त्यावर त्या बाईने दाराची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली. आग लागली, पाणी शिरलं तरच उघडा, असं मास्तर म्हणाले. सख्ख्या भावाला घराची किल्ली देताना मी दोनदा विचार केला असता. आणि या बाईला माझं नावसुद्धा धड बोलता येत नव्हतं! दोघं मोटारीत बसून गेली. मी मूठ तशीच मिटून उभा.

गोऱ्याने दाराला वरून एक कुलूप लावून त्याचीही किल्ली मला दिली होती. कुलूप चांगलं होतं, पण कुलूप तोडता येतं. मी माझ्या पद्धतीने बंदोबस्त केला. मचव्याच्या, म्हणजे आमच्या होडीच्या, नांगराची साखळी दोन्ही चाकांतून काढून खळ्याकडेच्या भेंडीच्या झाडाला आवळली. चाकांच्या पुढे-मागे जात्याच्या फुटक्या दगडी तळ्या ठोकल्या. आणि शेवटी राखेची रेघ.

ही रेघ आमच्याकडे भाताच्या राशीवर ओढतात. रास मोजून घरात जाईपर्यंत ती मोडायची नाही. कोणी एक मूठ जरी उचलली तरी रेघ तुटते आणि सकाळी सगळ्या गावाला कळतं. मी घराभोवती रेघ ओढली, आणि दाराखालच्या पायरीवर एक वेगळी, जाड.

चार दिवस लोक येत होते. जूचंद्रचे, उमेळ्याचे, मिठागरावरचे. पण एकानेही रेघ ओलांडली नाही. लांबून माना उंच करून बघायचे आणि हळू आवाजात बोलायचे, देवळात बोलतात तसे. चिमूटभर राखेत एवढी ताकद असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

फक्त माझा धाकटा भाऊ रोज मागे लागायचा. "दादा, किल्ली हाय ना तुझ्याकडं? एकदाच उघड. आतमंदी मोरीपन हाय बोलतान."

"असंल. तुला आंघोळ करायची हाय का तिथं?"

"मचव्याला असतो तसा तांडेल झालास का तू त्या गाडीचा?"

पाचव्या दिवशी सकाळी गेलो तर पायरीवरची रेघ गायब. तुटली नव्हती, पुसली होती. पायरी लख्ख. कुलूप जागेवर होतं, पण किल्ल्या माझ्या घरात खुंटीला असायच्या आणि ते भावाला माहीत होतं. त्या माणसांचं सगळं जग त्या पत्र्याआड होतं आणि शब्द माझा होता.

भाऊ शेजारच्या आपल्या खळ्यावर मळणीचे भारे रचत होता. मी तिथूनच ओरडलो, चार माणसांसमोर. "कसली हौस भागवलीस रे? चोरासारखा शिरलास!"

तो भारा खाली ठेवून आला. "मी? चोर?" त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "दादा, आजपास्नं तुझ्या खळ्यावर माझा पाय पडनार नाय." आणि गेला.

मी मास्तरांना साक्षीला बोलावलं, कुलूप काढलं, दार उघडलं. काय गेलं ते बघायचं होतं. पण आत काय होतं हे मला कुठं माहीत? तरी मी आत गेलो, आणि भाऊ, शब्द, सगळं घटकाभर विसरलो. पाच पावलांची जागा. त्यात पलंग, चूल, मोरी, कपाट. कप आकड्यांना टांगलेले. प्रत्येक वस्तूला तिची जागा, मधाच्या पोळ्यासारखी. मेज भिंतीत मिटायचं. दोन माणसांना जगायला एवढंच लागतं? माझ्या पाच खणांच्या घरात मला कधी कोयता सापडत नव्हता.

मास्तरांनी बोट दाखवलं. मेजावर उघडं पुस्तक, त्यावर चष्मा, आणि सगळ्यावर हायवेची बारीक धूळ. साय धरावी तशी, कुठेही न मोडलेली. जमिनीवर पावलं होती ती फक्त आमची दोघांची.

"आत कुणी आलेलंच नाही," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात आई आली, हातात तांब्या आणि तांदळाच्या पिठाची वाटी. "बरं झालं दार उघडलंस. संध्याकाळी लक्ष्मीची पावलं काढनार हाय, आता ठिपके देते."

"आये, पायरी तू धुतलीस?"

"मग? आज गुरवार. तुझा उंबरठा धुतला, धाकट्याचा धुतला, या घराचा नको? राख कसली फासलीस रे उंबऱ्याला? घर हाय ना ते? घरवाली नाय म्हनून काय उंबरठा कोरडा ठेवायचा?"

मी दारातून बाजूला झालो. पाच दिवस गावाने ती गाडी पाहिली, नवल पाहिलं. मी तर सामान राखत होतो. त्याला उंबरठा आहे, हे एकट्या आईला दिसलं. आतलं सगळं बघून वाटलं नव्हतं, एवढं नवल मला आईचं वाटलं.

पुढे दहाव्या दिवशी ती माणसं आली, घर होतं तसं मिळालं त्यांना. बाई पायरीवरच्या पावलांवर पाय न देता आत गेली, कोणी न सांगता.

पण त्या गुरुवारी रात्री मला जेवण गेलं नाही. चुकलो असं मी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं, आणि तेव्हाही जीभ वळेना. दुसऱ्या दिवशी पहाटे मी माझे बैल सोडले आणि भावाच्या खळ्यावर गेलो. त्याची मळणी राहिली होती. तो उठून बाहेर आला तेव्हा मी भारे पसरून, बैल मधल्या खांबाला बांधून फिरवायला सुरुवात केली होती.